अकरा महिन्यांची माणसे आणि वीस वर्षांचा आराखडा

(लोणावळा येथे मावळ तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, थोडा संक्षेप करून.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘विकास प्राधिकरणाचा सेवकवर्ग’ असा दिला आहे. विषय रुक्ष आहे हे मला मान्य आहे. जमीन, पाणी, रिंगरोड असे जळते प्रश्न तालुक्यापुढे उभे असताना एका सरकारी कचेरीत कोण बसतो आणि त्याची नेमणूक कशी होते, याची चर्चा आपण कशासाठी करायची, असे एका तरुण मित्राने मघाशी मला विचारलेही. माझे म्हणणे एवढेच की जमिनीचा प्रश्न अखेर कोणीतरी एका टेबलावर, एका फाइलमध्ये सोडवीत असतो किंवा कुजवीत असतो. त्या टेबलामागचा माणूस कोणाचा नोकर आहे, तो कोणाला जबाबदार आहे आणि पुढल्या वर्षी तो तेथे असणार आहे की नाही, या गोष्टी जमिनीच्या प्रश्नाबाहेरच्या नाहीत. त्या त्याच प्रश्नाच्या पोटातल्या आहेत.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ३१ मार्च २०१५ रोजी अस्तित्वात आले. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात आणि प्रत्यक्ष कारभार महानगर आयुक्त पाहतात. त्याच्या अधिकाराखाली आलेले क्षेत्र सुमारे सात हजार चौरस किलोमीटर होते. गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे हा प्रदेश गोव्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या आपल्या तिन्ही खोऱ्यांतील गावे त्यात आली. बांधकामाला परवानगी देणे, विकास आराखडा तयार करणे, रस्ते आखणे, अनधिकृत बांधकामे पाडणे, एवढेच नव्हे तर हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो उभी करविणे, ही सारी कामे त्याच्याकडे आहेत. जून २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण ही १९७२ सालची संस्थाही त्यातच विलीन करण्यात आली.

गोव्याला स्वतःचे विधिमंडळ आहे, सचिवालय आहे, स्वतःची खाती आणि त्या खात्यांचे कायम नोकर आहेत. आपल्या प्राधिकरणाजवळ जन्माच्या वेळी स्वतःचा म्हणावा असा सेवकवर्गच नव्हता. बाळ सरकारने जन्माला घातले, पण पाळणा, दुपटे आणि दाई, सारे शेजाऱ्यांकडून मागून आणले. महसूल खात्याकडून उपजिल्हाधिकारी व तहसीलदार, नगररचना विभागाकडून रचनाकार, भूमिअभिलेखकडून मोजणीची माणसे, बांधकाम खात्याकडून अभियंते असे प्रतिनियुक्तीवर आले. उरलेली जागा कंत्राटी माणसांनी भरली. पदांचा आकृतिबंध पुढे यथावकाश झाला; पण कोणत्याही संस्थेला पहिल्या काही वर्षांत जी सवय लागते ती सहसा सुटत नाही.

या प्रतिनियुक्तीविषयी आधी बोलतो. प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी वाईट असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. काही फार कर्तबगार असतात. परंतु त्याची सेवाज्येष्ठता, बढती आणि निवृत्तिवेतन ही सारी मूळ खात्यात असतात. राज्याच्या २००५ सालच्या बदल्यांच्या कायद्याने एका जागी राहण्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची धरली आहे, आणि व्यवहारात ती अनेकदा पुरीही होत नाही. नाणे मावळ कोठे संपते आणि पवन मावळ कोठे सुरू होते, कोणत्या गावठाणाची हद्द कधीच नीट मोजली गेली नाही, कोणत्या डोंगरउतारावर पावसाळ्यात माती सरकते, हे समजण्यात पहिले वर्ष जाते. दुसऱ्या वर्षी तो काही करू लागतो. तिसऱ्या वर्षी त्याचे लक्ष पुढल्या नेमणुकीकडे असते. मनुष्यस्वभाव आहे; त्याला दोष देऊन उपयोग नाही.

कंत्राटी माणसाची गोष्ट याहून निराळी आणि अधिक दुःखद आहे. तो सहसा याच परिसरातला असतो. त्याला गावे ठाऊक असतात, कपाटातील कोणता गठ्ठा कोठे आहे हे त्यालाच ठाऊक असते. साहेब बदलतात आणि कामाची आठवण याच्याजवळ राहते. पण कागदोपत्री तो त्या कचेरीचा कोणीही नसतो. तो मनुष्यबळ पुरविणाऱ्या एखाद्या एजन्सीचा माणूस असतो. अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये एखाद्या दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. एजन्सी बदलली की तोच माणूस, त्याच खुर्चीवर, नव्या मालकाचा नवा नोकर होतो आणि त्याची मागली सेवा जणू झालीच नव्हती असे मानले जाते. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका सरकारी कचेरीत (ती कोणती हे सांगत नाही, कारण त्याच्या भाकरीचा प्रश्न आहे) नऊ वर्षे संगणकावर बसतो आहे. अर्थशास्त्राचा द्विपदवीधर आहे. त्याने मला एकदा सांगितले, “सर, कचेरीच्या मासिक अहवालाचा मसुदा मी करतो, पण त्या अहवालातील कर्मचारीसंख्येत मी नसतो.” अर्थशास्त्रात आम्ही छुपी बेकारी शिकवीत असू. ही छुपी नोकरी म्हणावयाची.

तिसरा वर्ग सल्लागार कंपन्यांचा. त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. एखादा बोगदा किंवा मेट्रोचा पूल यांचे विशेष ज्ञान कोणत्याही प्राधिकरणाने कायम पदरी बाळगावे असे नाही. ते कामापुरते विकत घ्यावे. तथापि विकत घेतलेले ज्ञान पारखण्याइतके शहाणपण घरात असावे लागते. ते नसेल तर सल्लागार जे देईल ते घ्यावे लागते. हिंजवडीच्या मेट्रोचा ३५ वर्षांचा सवलत करार २०१९ मध्ये खासगी भागीदाराशी झाला. पस्तीस वर्षे त्या करारावर सरकारच्या बाजूने देखरेख कोण करणार? करार वाचणारी माणसे त्या अवधीत दहा वेळा बदलली असतील. कंपनीचे वकील मात्र करार विसरणार नाहीत.

आता या व्यवस्थेचा मावळच्या शेतकऱ्याशी काय संबंध, ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ सालचा आहे. त्याखाली जो विकास आराखडा होतो तो साधारण वीस वर्षांचा विचार करून होतो. प्राधिकरणाने आपला प्रारूप आराखडा २०२१ च्या पावसाळ्यात प्रसिद्ध केला. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. मित्रहो, साठ हजार हरकती म्हणजे काय, याची आपण कल्पना करा. कोणाच्या भातखाचरावर आरक्षण पडले, कोणाच्या घरावरून रस्ता गेला, कोणाचे क्षेत्र ना-विकासात राहिले आणि शेजारच्या धनिकाचे निवासी झाले. कामशेतचा किंवा कान्हे फाट्याचा शेतकरी लोकल धरून आकुर्डीला गेला, सातबारा, फेरफार, नकाशा यांच्या प्रती जोडून त्याने अर्ज दिला, पोच घेतली, सुनावणीची तारीख आली तेव्हा पुन्हा खाडा करून गेला. आणि २०२५ मध्ये शासनाने तो प्रारूप आराखडाच रद्द केला.

रद्द करण्याची कारणे योग्य होती की अयोग्य, तो आजचा विषय नाही. त्या आराखड्यात दोष होते असे आपणही म्हणत होतो. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या साठ हजार अर्जांत या प्रदेशाच्या जमिनीचे जे ज्ञान साठले होते, ते आता कोणाजवळ आहे? कागद गोदामात असतील. पण कोणत्या गावाची तक्रार खरी होती, कोणता नकाशा चुकला होता, कोणत्या हरकतीमागे बिल्डर होता आणि कोणत्या हरकतीमागे विधवा होती, हे कागदावरून सहज कळत नाही. ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते. ऐकणारे आपापल्या खात्यांत परत गेले, टंकलेखन करणाऱ्यांचे करार संपले. पुढला आराखडा जेव्हा केव्हा होईल तेव्हा शेतकऱ्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागेल. संस्थेला स्मरणशक्ती नसली की त्याची किंमत नागरिक आपल्या चपला झिजवून देत असतो. ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती नाही असे धरले जाते.

याच तालुक्यातले एक उलट उदाहरण देतो. आपण सारे ज्या तांदळाचा भात खातो तो इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झाला. आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तो आला. एकाचा वास आणि दुसऱ्याचे उत्पन्न. संकर एका दुपारी करता येतो. पण त्यानंतर पिढ्यामागून पिढ्या लावून, निवडून, नाकारून वाण स्थिर व्हायला वर्षे जातात. बहुतेक ठिकाणी भाताचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. कोणत्या वाफ्यातील कोणती लोंबी गेल्या वर्षी लोळली होती हे ठाऊक असलेली माणसे त्या केंद्रावर वर्षानुवर्षे असावी लागतात, शास्त्रज्ञ जसे लागतात तसेच शेतावरचे मजूर आणि क्षेत्रसहायकही लागतात. अकरा महिन्यांच्या आदेशावर माणसे ठेवून इंद्रायणी झाला नसता. आज मावळच्या शेतकऱ्याला जे चार पैसे भातातून मिळतात त्यांत त्या केंद्राच्या पगारपत्रकाचा वाटा आहे. सरकारी पगार म्हणजे केवळ खर्च, असे मानणाऱ्या माझ्या काही व्यवसायबंधूंनी एकदा वडगावला येऊन हा हिशेब करून पाहावा.

त्याच्याही आधीचे उदाहरण तळेगावचे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याने काच किती केली याहून त्याने कारागीर किती तयार केले हे महत्त्वाचे आहे. तेथे शिकलेली माणसे पुढे देशात ठिकठिकाणी काचधंद्यात गेली. पारतंत्र्यात, एकेक पैसा मागून उभारलेल्या संस्थेला माणसे तयार करणे हे आपले काम वाटत होते. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या आजच्या प्राधिकरणांना माणसे ‘पुरवठ्याने’ हवी असतात. सिमेंट आणि खडी यांच्या निविदा जेथे निघतात तेथेच माणसांच्याही निघतात.

कंत्राटाची ही पद्धत कोणी अद्ययावत व्यवस्थापनशास्त्र म्हणून सांगत असेल, तर त्याला या गावाच्या पश्चिमेला उभे करून बोरघाट दाखवावा. १८५६ ते १८६३ या काळात हा घाट रेल्वेसाठी फोडला गेला. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. रेल्वे कंपनीने काम मोठ्या गोऱ्या कंत्राटदाराला दिले, त्याने पोटकंत्राटदारांना, त्यांनी मुकादमांना. मजुरी वरून निघाली, पण खाली पोचेपर्यंत तिला वाटेत इतके हात लागले की ती पुष्कळदा पोचलीच नाही. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, दंगा झाला, सरकारला चौकशी करावी लागली, आणि त्याच वर्षी त्या कंत्राटदाराने काम सोडले. पटकी आणि तापाने येथे किती माणसे मेली याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही, कारण मेलेला माणूस कंपनीचा नोकर नव्हता. कामाचा मालक एक, मजुरी देणारा दुसरा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, ही व्यवस्था या घाटाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिली आहे.

सरकारचा युक्तिवाद खर्चाचा असतो. आस्थापनेवरचा खर्च वाढतो, निवृत्तिवेतनाचा बोजा पडतो, म्हणून कायम पदे भरता येत नाहीत. राज्याच्या तिजोरीबाबत या युक्तिवादाला काही अर्थ आहे, हे मी नाकारीत नाही. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्यसेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागूच झाली नाही. त्यासाठीच तर मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर गेले. दुसरे असे की विकास प्राधिकरण सर्वस्वी तिजोरीवर जगत नाही. विकास शुल्क, अधिमूल्य, भूखंडांचे भाडेपट्टे हे त्याचे स्वतःचे उत्पन्न आहे, आणि ते उत्पन्न ज्या परवानग्यांतून येते त्या परवानग्यांच्या फाइली हीच कंत्राटी माणसे तयार करीत असतात. तिसरी गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. एजन्सी काही धर्मादाय संस्था नाही. तिचे शुल्क माणसाच्या वेतनातून तरी जाते किंवा प्राधिकरणाच्या पैशातून तरी. ज्या प्रमाणात काटकसर झालेली दिसते ती भविष्यनिर्वाह निधी, रजा, वार्षिक वाढ आणि म्हातारपण यांतून काढलेली असते. म्हणजे खर्च कमी झालेला नाही, तो एका कुटुंबाच्या अंगावर ढकलला आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि समाजवाद्यांनी ती कधीही नजरेआड करू नये. कायम पदाची भरती जाहिरातीने होते, परीक्षेने होते आणि तिला आरक्षण लागू होते. एजन्सीमार्फत येणाऱ्या माणसाला यांतले काहीच लागू होत नाही. वडेश्वरच्या ठाकर वस्तीतील किंवा पवनेकाठच्या कातकरी वाडीतील मुलगा कष्टाने पदवीधर झाला, तर घटनेने त्याच्यासाठी जे दार ठेवले ते दारच भिंतीतून काढून टाकले जाते आहे. त्या भिंतीवर ‘मनुष्यबळ पुरवठा’ अशी पाटी लागते आणि आत शिरायला ओळख लागते.

६ सप्टेंबर २०२३ च्या शासननिर्णयाने नऊ एजन्सींमार्फत कुशल-अकुशल सर्व प्रकारची माणसे सरकारी व निमसरकारी कचेऱ्यांना पुरविण्याची सोय केली गेली, तेव्हा राज्यभर तरुण रस्त्यावर आले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी तो निर्णय रद्द करण्याची घोषणा झाली. हा पाप कोणत्या सरकारचा, याबद्दल विधिमंडळातील पक्षांत हमरीतुमरी झाली आणि तिच्यात मूळ प्रश्न बुडाला. एक शासननिर्णय गेला म्हणून कंत्राटी पद्धत गेली असे झालेले नाही. प्रत्येक महामंडळ व प्राधिकरण आपापल्या निविदा काढीतच आहे.

कायद्याची बाजू थोडी तपशिलाने सांगतो, कारण येथे कामगार संघटनेत काम करणारे मित्रही बसले आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक सरळ कसोटी होती, ती म्हणजे काम बारमाही स्वरूपाचे आहे काय. तसे असेल तर सरकार तेथे कंत्राटी पद्धत बंद करू शकत असे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात सांगितले की पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. २००६ मध्ये उमादेवी खटल्याचा निकाल आला आणि मागील दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्यास पायबंद बसला. त्या निकालातही, मंजूर पदांवर दहा वर्षे राबलेल्यांना एकवेळची बाब म्हणून कायम करावे, असे म्हटले होते. तेवढे वाक्य आपल्या प्रशासनाला कधी वाचता आले नाही. उरलेला निकाल मात्र त्यांना मुखोद्गत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा गेला. आता ‘गाभ्याचे काम’ ही नवी कसोटी आली आहे. सफाई, पहारा अशी कामे सर्वसाधारणपणे गाभ्याबाहेर टाकलेली आहेत, आणि पन्नासांहून कमी कंत्राटी कामगार असतील तेथे त्या तरतुदी पोचतच नाहीत.

तरीही हात टेकण्याचे कारण नाही. कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांसंबंधीचा महाराष्ट्राचा १९७१ सालचा कायदा आपल्या चळवळीने मिळविलेला आहे. कायमपणाचे लाभ टाळण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे त्याच्या चौथ्या अनुसूचीत लिहिले आहे. २००९ मध्ये एस. टी. महामंडळाच्या सफाई कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उमादेवी निकालामुळे औद्योगिक न्यायालयाचा हा अधिकार नष्ट झालेला नाही. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कचरा वाहतूक कामगारांना कागदोपत्री कंत्राटी कामगारसुद्धा न म्हणता ‘स्वयंसेवक’ ठरविले होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दशकभराच्या लढ्यानंतर २०१७ मध्ये त्यांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयात शिक्कामोर्तब झाले. डिसेंबर २०२४ मधील जग्गो आणि ऑगस्ट २०२५ मधील धरमसिंग या खटल्यांत तर सर्वोच्च न्यायालयाने सरकारलाच बजावले की दीर्घकाळच्या बारमाही कामावर तात्पुरती माणसे ठेवण्यासाठी उमादेवी निकालाची ढाल करू नका, आणि पैशाची चणचण हे शोषणाचे समर्थन होऊ शकत नाही. विकास प्राधिकरण हा ‘उद्योग’ ठरतो की नाही यावर वकील मंडळी वाद घालतीलच. तो वाद घालायला कोणीतरी फिर्यादी मात्र उभा राहावा लागतो, आणि अकरा महिन्यांचा माणूस एकटा उभा राहत नाही.

आता आपल्याच बाजूचे एक अवघड बोलणे. कायम नोकर म्हणजे लोकांचा सेवक, असे समीकरण मांडून आपण गावात गेलो तर लोक हसतील. कायम तलाठ्याने आणि कायम अभियंत्याने त्यांना काय दाखविले आहे ते त्यांना ठाऊक आहे. १९७७-७८ चा राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आपण त्याला पाठिंबा दिला आणि तो योग्यच होता. पण त्या चळवळीने मिळविलेल्या सुरक्षिततेबरोबर नागरिकाला उत्तर देण्याची शिस्त आली नाही, ती आणण्याचा आग्रहही आपण पुरेसा धरला नाही. तेव्हा मागणी दुहेरी असावी. बारमाही काम असेल तेथे कायम पद असावे, आणि त्या पदावरच्या माणसाच्या कामाचा हिशेब ग्रामसभेत मागता यावा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीत दोनतृतीयांश सदस्य नगरपालिका व ग्रामपंचायतींच्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडावेत असे सांगितले. प्रत्यक्षात सत्ता मुख्यमंत्री आणि आयुक्त यांच्यामध्ये राहिली. वर लोकप्रतिनिधी दुबळे आणि खाली नोकर उसने. अशा रचनेत बळ येते ते ज्याच्याजवळ जमीन खरेदीचा पैसा आहे त्याला.

सगळीच पदे बाराही महिने हवीत असाही माझा आग्रह नाही, आणि यासाठी लोणावळ्याहून चांगले ठिकाण नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण मेले. हा पूल किंवा ते धरण आपल्या या प्राधिकरणाचे नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण दोन्ही दिवस रविवार होते. मावळातला धोका पावसाळ्यात रविवारी येतो आणि त्या दिवशी सगळ्याच कचेऱ्या बंद असतात. कुंडमळ्याला धोक्याचा फलक होता, नव्या पुलाचा पैसाही मंजूर होता. गर्दीला अडवायला एक माणूस नव्हता, कारण तसे पद कोणाच्याच आकृतिबंधात नाही. जून ते सप्टेंबर एवढ्यापुरते स्थानिक वाड्यांतील तरुण नेमावेत, ज्यांना पाण्याचा अंदाज आहे, दोर टाकता येतो. त्यांना एजन्सीने नव्हे, संस्थेने थेट वेतन द्यावे, आणि दर वर्षी ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे तीच माणसे बोलवावीत. साखर कारखान्यांत हंगामी कामगारांची अशी व्यवस्था महाराष्ट्राने पूर्वीच केलेली आहे. नवा शोध लावायचा नाही.

कुरवंडे आणि आतवणच्या कड्यावर, टायगर पॉइंटजवळ, सुमारे ३३३ कोटी रुपये खर्चाचा काचेचा पूल करण्याचे काम मात्र याच प्राधिकरणाकडे आलेले आहे. त्याची चित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली. पूल किती लांब, किती रुंद, काच किती जाड, हे सारे छापून आले. त्या काचेवर उभ्या राहिलेल्या माणसांची मोजदाद करणारा, वारा वाढला की दार बंद करणारा, रात्री काच पुसणारा आणि धुके असताना नाही म्हणण्याचा अधिकार असणारा माणूस कोणाचा नोकर असेल, हे मी कोठेही वाचले नाही. वाहनतळाच्या ठेकेदाराचा माणूस गर्दीला ‘नाही’ म्हणेल, अशी अपेक्षा करणे मला जड जाते.

कामाकडे वळू. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यातील चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपल्या अधिकारी व कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. एजन्सीमार्फत आलेली माणसे त्या यादीत शोधून पाहा. म्हणून आपण अर्ज करायचे आहेत. मंजूर पदे किती, त्यांपैकी भरलेली किती, प्रतिनियुक्तीवर किती, एजन्सीमार्फत किती. एजन्सीला माणशी किती रक्कम दिली जाते आणि त्या माणसाच्या खात्यात किती जमा होते. भविष्यनिर्वाह निधीच्या भरण्याच्या पावत्या. मावळातील परवानग्या आणि हरकती पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या २०१५ पासूनच्या बदल्यांच्या तारखा. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा हे एका अर्जात बसणार नाही. चार वेगळे अर्ज करावे लागतील. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप प्रत्येकाला. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करायचे आहे, ते ज्याने अर्ज केला त्यालाच करावे लागेल. म्हणून जो वर्षभर मागे लागू शकेल त्यानेच सही करावी.

तेथे काम करणाऱ्या कंत्राटी मुलामुलींना मात्र या अर्जांत ओढू नका. त्यांची नावे विचारू नका, त्यांच्याकडून कागद मागू नका. त्यांची सभा कचेरीपासून दूर, सुट्टीच्या दिवशी आणि आपल्या पक्षाचा फलक न लावता घ्यावी, असे मी सुचवतो. अर्जांचे मसुदे वडगावच्या मित्रांनी करून आणले आहेत आणि ते मागच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना दुपारच्या लोकलने परतायचे आहे त्यांनी जेवणाआधी ते वाचून घ्यावेत.